इमारती वाढल्या, रस्ता तेवढाच

भूगाव, भुकूम, पिरंगुट... पौड रस्त्यालगत सोसायट्या वाढल्या. त्याच रस्त्यावरून डंपर, कंपन्यांच्या बस, टू-व्हीलर जातात आणि कडेनं आपली मुलं शाळेत. पायी चालायला वेगळी जागा नसली, की पाऊल गाडीच्या वाटेतच पडतं.

बांधकामाची परवानगी २०१५ साली स्थापन झालेलं पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण देतं. मग आपल्या हातात काय? ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, असं कायदाच सांगतो. तिथं आपण बोलूया : शाळेच्या वेळेत डंपर नकोत, चालायला पदपथ, ओलांडायला पट्टे, रात्री दिवे हवेत. ठराव लिहून घेऊया, ग्रामसभेत मांडूया, प्रत प्राधिकरणाला देऊन पोच घेऊया. तोंडी तक्रार विरते, पोच मात्र हातात राहते.