लखनौची कोनशिला

दख्खनच्या माणसाला विहीर म्हटली की सुरुंग आठवतो. थोडी माती उकरली की खाली काळा फत्तर ठरलेला. लखनौच्या माणसाला हा अनुभव येत नाही. गोमतीकाठच्या या शहराखाली माती, वाळू आणि चिकणमाती यांचे थर शेकडो मीटर खोल गेले आहेत. आणि तरीही खडकांत दडलेल्या प्राचीन वनस्पतींच्या अभ्यासासाठी जगभर नावाजलेली संस्था याच बिनदगडी शहरात उभी आहे.

तिचे संस्थापक डॉ. बिरबल साहनी हे 1921 साली लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले. 1936 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. 3 एप्रिल 1949 रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते त्यांच्या संस्थेची कोनशिला बसविण्यात आली. ही शिला खाणीतून काढलेली नव्हती. निरनिराळ्या देशांतील आणि निरनिराळ्या युगांतील जीवाश्म सिमेंटमध्ये जडवून साहनींनी ती मुद्दाम सिद्ध करविली होती. त्यानंतर आठवडाभरातच, 10 एप्रिल रोजी, त्यांचे निधन झाले. पायाभरणी झालेली आणि पाया घालणारा गेलेला, अशा स्थितीत त्यांच्या पत्नी सावित्री साहनी यांनी कार्याची धुरा खांद्यावर घेतली. इमारत पूर्ण होऊन 1953 साली तिचे उद्घाटन झाले. पुरावनस्पतींपुरते मर्यादित असलेले संस्थेचे नाव 2015 मध्ये बदलून ‘बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था’ असे झाले.

या कोनशिलेतील जीवाश्म काय सांगतात? दगड अचल, अमर असतो ही आपली समजूत बरोबर नाही, हे त्यांचे पहिले सांगणे. पान किंवा खोड दगडात सापडते, याचा अर्थ तो दगड एके काळी चिखल होता. ऊन, पाऊस आणि वारा यांनी जुना खडक झिजतो. नद्या त्याचा चुरा वाहून नेतात. सरोवरांच्या आणि समुद्राच्या तळाशी तो थरावर थर साचतो. वरच्या भाराने आणि कणांमध्ये झिरपणाऱ्या खनिजांनी तो घट्ट होऊन स्तरित खडक बनतो. पृथ्वीच्या पोटातील शिलारस थिजून होतो तो अग्निज खडक. हे दोन्ही खडक खोल गाडले गेले, तर प्रचंड दाब व उष्णता यांनी न वितळताही त्यांचे रूप पालटते. चुनखडकाचा संगमरवर होतो, वाळूच्या दगडाचा क्वार्ट्झाइट होतो. हा रूपांतरित खडक होय. तोही पुढे वर उचलला जाऊन झिजतो, किंवा आणखी खोल जाऊन वितळतो, आणि चक्र पुन्हा फिरू लागते. एडिंबरोच्या जेम्स हटन याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा विचार मांडला, तेव्हा पृथ्वीच्या वयाची कल्पनाच बदलून गेली.

या चक्राचा एक सुंदर पुरावा महाराष्ट्राच्या सरहद्दीवर आहे, आणि साहनींनी त्याचा कसून अभ्यास केला होता. दख्खनचे पठार ज्वालामुखीच्या लाव्ह्याने घडले. परंतु हा लाव्हा एका दमात आलेला नाही. एक लोट थिजल्यावर मधल्या शांततेच्या काळात त्यावर तळी साठली, गाळ बसला, झाडे वाढली. मग पुढच्या लोटाने ते सारे झाकून टाकले. नागपूरच्या परिसरात आणि छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान येथे असे मधले थर आढळतात. सिलिका मुरून दगड झालेली त्यांतील खोडे आणि फळे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी न् पेशी दाखवितात. अग्निज खडकाच्या दोन थरांमध्ये स्तरित खडकाचे एक पान, असे हे पुस्तक आहे.

या पानावरून मोठा वाद झाला. अनेक भूवैज्ञानिकांच्या मते दख्खनचा लाव्हा क्रिटेशस म्हणजे डायनोसॉरांच्या युगातला. साहनींनी या थरांतील ताडवर्गीय वनस्पतींवर बोट ठेवून तो त्यानंतरच्या तृतीयक युगातला असल्याचे मांडले. आज किरणोत्सर्गी मूलद्रव्यांच्या मापनाने त्याचे वय सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षे ठरले आहे. म्हणजे हे उद्रेक एका युगाच्या अखेरीस सुरू झाले आणि दुसऱ्याच्या आरंभी संपले. दोन्ही पक्षांच्या पदरात सत्याचा काही अंश पडला. त्याच दख्खनी फत्तराची झीज होऊन कापसाची काळी जमीन तयार झाली, आणि कोकणच्या पावसात त्याचाच जांभा झाला.

आता पुन्हा लखनौकडे वळावे. भारताचे भूखंड उत्तरेकडे सरकत आशियाला भिडले, मधल्या समुद्राचा तळ उचलला गेला आणि हिमालय उभा राहिला. एव्हरेस्टच्या माथ्यावर आजही सागरी चुनखडक आहे. पर्वताच्या भाराने त्याच्या पायथ्याशी जमीन खचली, आणि त्या खळग्यात नद्यांनी पर्वताचाच चुरा आणून भरला. गोमती स्वतः पिलीभीतच्या मैदानात उगम पावते; पण तिच्या काठचा गाळ मूळचा मुख्यतः हिमालयाचा आहे. तेव्हा लखनौत खडक नाही असे म्हणण्यापेक्षा, तेथे उद्याचा खडक अजून कच्चा आहे, असे म्हणणे योग्य ठरेल. त्याची सुरुवातही झालेली आहे. जमिनीत मुरलेल्या पाण्यातील चुना साचून गाळात कंकराचे खडे बनतात.

दगड नसल्याने येथील कारागिरांनी माती भाजून पातळ लखौरी विटा केल्या आणि त्या चुन्यात बसविल्या. गंगेच्या मैदानात कंकर भाजून चुना करण्याची जुनी रीत होती. भाजताना चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, आणि भिंतीत बसलेला चुना तोच वायू हवेतून हळूहळू परत घेऊन पुन्हा चुनखडी होतो. नवाब आसफउद्दौला याने 1784 साली, दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून, बडा इमामबाडा बांधावयास घेतला. त्याच्या विशाल दालनावरील छत खांबांवाचून आणि तुळयांवाचून आजवर उभे आहे, ते याच विटांच्या आणि चुन्याच्या बळावर. निसर्गाला युगे लागतात ते खडकाचे चक्र माणसाने तेथे आपल्या भट्टीत आणि भिंतीत, लहान प्रमाणावर का होईना, फिरविले.

साहनींच्या कोनशिलेतील जीवाश्मही कधी काळी असाच ओला गाळ होते. ते बसविणाऱ्याला पुढे आठ दिवसही लाभले नाहीत. पण कोट्यवधी वर्षांचा हिशेब वाचण्याची विद्या त्याने त्या गाळाच्या भूमीत रुजविली, आणि ती तेथे वाढली.