पत्त्यांचा डाव आणि अंकांचें शिक्षण

‘पत्ते’ हा शब्द उच्चारतांच पुष्कळ घरांतील वडील मंडळींच्या कपाळास आंठ्या पडतात. आणि तें अगदींच अकारण आहे असेंहि नाहीं. द्यूताच्या पायीं धर्मराजाची काय दशा झाली, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहोंत. परंतु दोष पत्त्यांचा नसून पणाचा आहे, एवढा विवेक केला म्हणजे हेंच साधन पहिली-दुसरीच्या गणितास किती उपकारक आहे हें ध्यानांत येईल. त्याविषयीं चार शब्द वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या परभणी जिल्ह्यांतील खेड्यांतल्या शाळा डोळ्यांपुढें आणाव्या. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यान्वयें ६० मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक. म्हणजे एकाच गुरुजींपुढें दोन-तीन इयत्ता बसणार. त्यांत गंगाखेडकडील कांहीं कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात, तीं उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. त्यांच्यासवें गेलेलें मूल परत येतें तेव्हां वर्ग पुढें निघून गेलेला असतो. एक मूल हातच्याची वजाबाकी करीत असतें, तर शेजारचें अजून सात आणि नऊ यांत घोटाळत असतें. दोघांस एकच उदाहरण घातलें, तर पहिलें कंटाळतें आणि दुसरें मुकें होतें. हें मुकेपण एकदां अंगीं भिनलें, म्हणजे गणिताची भीति जन्माची सोबतीण होते.

अशा ठिकाणीं पत्त्यांचा जोड कामास येतो. ५२ पानांतून राजा, राणी व गुलाम काढिले म्हणजे ४० पानें उरतात. एक्का सोडल्यास प्रत्येक पानावर अंक असतो आणि तितकींच चिन्हेंहि असतात. अंक न ओळखणाऱ्या मुलास तीं मोजतां येतात. सर्व वर्गानें पत्तेच खेळावे, परंतु प्रत्येक गटाचा नियम निराळा असावा.

अगदीं नवख्यांनीं ‘बदाम सात’ खेळावा. बदामाच्या सत्तीमागें छक्की आणि पुढें अठ्ठी लावतां लावतां अंकांचा क्रम चढता-उतरता पाठ होतो. दुसऱ्या गटानें दश्श्या बाजूस ठेवून दहाच्या जोड्या जमवाव्या: सत्तीस तिर्री, छक्कीस चव्वी, पंजीस पंजी. ३६ पानांच्या बरोबर १८ जोड्या होतात. शेवटीं हातांत पानें राहिलीं, तर कोठें तरी चूक झाली हें गुरुजींनीं न सांगतांच मुलांस कळतें.

तिसऱ्या गटानें दोन पानें ओढून शेजारीं मांडावीं आणि मोठ्यांत मोठी संख्या करावी. मराठी मुलास हा खेळ फारच हितावह आहे. आपण ‘तेवीस’ म्हणतों तेव्हां तीन आधीं ऐकूं येतात व वीस मागून. लिहितांना मात्र दोन आधीं येतो. ‘एकोणतीस’ ह्या शब्दांत तर एक + ऊन + तीस अशी वजाबाकीच दडलेली आहे. याच अडचणीमुळें २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकांत ‘वीस तीन’ अशी जोड-रीत दिली गेली. डॉ. मंगला नारळीकर यांनीं तिचें समर्थन केलें आणि महाराष्ट्रांत मोठा वाद माजला. वादांत न शिरतां आम्हीं इतकेंच म्हणतों कीं, दुर्री व तिर्री यांची जागा हातानें बदलून २३ चे ३२ करणाऱ्या मुलास दोन्ही रीति समजतात. हुशार मुलास याहून पुढें विचारावें: ३२ मधून २३ वजा केले तर ९ उरतात, अशा उलटसुलट संख्यांची वजाबाकी नेहमीं नवाच्याच पटींत कां येते?

केवळ खेळण्यानें मात्र विद्या येत नाहीं. दिल्लींतील २१४ बालवर्गांत १,५४० मुलांवर केलेला एक प्रयोग २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. नोबेल-विजेत्या एस्थर डुफ्लो त्याच्या कर्त्यांपैकीं होत्या. खेळांनीं मुलांची संख्येची उपजत जाण वाढली व टिकली. परंतु शाळेच्या लेखी गणितांत पुढें तिचा लाभ दिसला नाहीं. म्हणून आमचा आग्रह असा कीं, प्रत्येक डाव पाटीवर उतरलाच पाहिजे. जोडी जमली कीं ‘७ + ३ = १०’ असें लिहावें, मगच पुढचें पान उचलावें.

ज्यांस बाजारचे पत्ते खटकतात त्यांनीं जुन्या लग्नपत्रिकांचे सारखे तुकडे कापून त्यांवर अंक व ठिपके काढावे. त्यांत शून्याचें पान अवश्य करावें. तें बाजारच्या जोडांत नसतें.

एकत्र कुटुंब हीहि एक बहुइयत्ता शाळाच होय. दिवेलागणीनंतर आजोबा-आजींनीं नातवंडांस घेऊन अर्धी घटका बसावें. पण लावूं नये. जिंकल्यास चिंचोके पुरेत. मूल बोटें मोजीत असेल तर मोजूं द्यावें आणि उत्तर आपण चटकन सांगूं नये. पानें नशिबानें येतात, त्यामुळें मागें पडलेलें मूलहि एखादे दिवशीं डाव मारतें. त्या जिंकण्यानें त्याची जीभ मोकळी होते, आणि तें आपण होऊन दुसरा डाव मागतें.