जयपूरचा हिवाळा आणि घरची बाग

सवाई जयसिंह यांनी १७२७ मध्ये जयपूर वसविले, तेव्हा नगराच्या आराखड्यात राजवाड्याबरोबरच जयनिवास बागेलाही स्थान होते. गोविंददेवजींचे मंदिर आजही याच बागेच्या परिसरात आहे. पुढे १८६८ मध्ये, सवाई रामसिंह यांच्या कारकिर्दीत, तटबंदीबाहेर रामनिवास बागेची आखणी झाली. वाळूमिश्रित जमीन, वर्षाकाठी सरासरी साठ सेंटिमीटरच्या आसपास पाऊस आणि तोही बहुतेक सारा जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत पडणारा. अशा प्रदेशात बागेची हौस बाळगणे ही सोपी गोष्ट नव्हे. राजांच्या बागांना राजांचे पाणी मिळाले. सामान्य गृहस्थाला मात्र आपल्या अंगणातील चार कुंड्यांचा संसार ऋतूच्या कलाने चालवावा लागतो.

या संसाराचा खरा हंगाम हिवाळा होय. उन्हाळ्यात जयपूरचा बागवान झाडे केवळ जगवितो. ती फुलवितो हिवाळ्यात. दसऱ्याच्या सुमारास वाफ्यांची माती उकरून तीत कुजलेले शेणखत मिसळले जाते. पिटुनिया, फ्लॉक्स, कॅलेंडुला, पॅन्सी यांचे बी याच वेळी पेरतात आणि महिनाभरात रोपे जागेवर लावतात. गुलाबाची छाटणीही ऑक्टोबरातच उरकते. परसात जागा असेल, तर मुळा, मेथी, पालक आणि लाल गाजरे यांच्यासाठी दोन वाफे राखले जातात.

परंतु या दिवसांतील मानाचे फूल म्हणजे गुलदाऊदी, अर्थात आपली शेवंती. राजस्थान विद्यापीठाच्या रोपवाटिकेतील गुलदाऊदीचे प्रदर्शन हा जयपूरकरांच्या जिव्हाळ्याचा विषय असून तेथून कुंड्या विकत नेण्यासाठी गर्दी होते. शेवंतीचा स्वभाव मोठा मजेदार आहे. ती थंडीची नव्हे, तर लांब रात्रीची वाट पाहते. रात्र ठराविक मर्यादेपलीकडे लांबल्याखेरीज तिला कळ्या धरत नाहीत. त्यामुळे रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड रात्रभर ज्या कुंडीवर पडतो, तिच्यावरील शेवंती फुलण्यास उशीर करते आणि घरचे लोक मात्र खताला दोष देत बसतात. कुंडी चार हात अंधारात सरकविणे एवढाच यावर उपाय असतो.

डिसेंबर उजाडला की बागवानाच्या चिंतेचा विषय बदलतो. जयपूरमध्ये 'पाला पडला' असे कोणी म्हणाले, तर मराठी माणसाला पानगळ आठवावी. पण तेथे पाला म्हणजे दहिवर, गोठलेले दव. हा पाला पडला की झाडाचा पाला करपतो, एवढाच काय तो दोन्ही शब्दांचा संबंध! दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडीत असते. आभाळात ढग असले, तर त्यातील काही भाग परत मिळतो. आकाश निरभ्र असले, हवा कोरडी आणि निश्चल असली, तर जमीन आणि तिच्यालगतची पाने झपाट्याने थंड होतात. वर्तमानपत्रात छापलेले तापमान जमिनीपासून सव्वा मीटरभर उंचीवर मोजलेले असते. प्रत्यक्ष गवताच्या पात्यावर ते आणखी काही अंशांनी कमी असू शकते. म्हणूनच पारा तीनचार अंशांवर असतानाही सकाळी हिरवळीवर पांढरा थर दिसतो. थंड हवा जड असल्यामुळे ती उतारावरून ओघळून सखल जागी साचते. त्यामुळे एकाच वस्तीतील वरच्या अंगणातील झाडे वाचतात आणि खालच्या अंगणातील होरपळतात. पानांतील पेशींच्या बाहेर बर्फ धरू लागला की तो पेशींतील पाणी ओढून घेतो आणि पेशी शुष्क होऊन मरतात. काळवंडलेले पान जळल्यासारखे दिसते ते यामुळेच.

यावरचे उपाय शेतकऱ्यांकडून आलेले आहेत. अशी रात्र येणार असे दिसले की दिवसा वाफ्यांना हलके पाणी देतात. ओली माती कोरड्या मातीपेक्षा अधिक उष्णता साठविते आणि रात्री ती सावकाश वर पोहोचविते. कोवळ्या रोपांभोवती तीन बाजूंनी गवताचा आडोसा करून आग्नेयेची बाजू मोकळी ठेवतात. थंड वारा अडतो आणि सकाळचे ऊन आत येते. निफाडकडील द्राक्षबागाईतदार अशाच रात्री बागांतून शेकोट्या पेटवितात. शहरी अंगणात मात्र धुराचा उपद्रव शेजाऱ्यांना व्हायचा. तेथे जुनी चादर किंवा गोणपाट पुरते. सूर्यास्तापूर्वी झाड झाकावे आणि सकाळी ऊन आल्यावर आच्छादन काढावे. प्लास्टिकचा कागद पानांना चिकटला, तर चिकटलेली पाने हमखास करपतात. म्हणून त्याला काठ्यांचा आधार हवा. तुळशीला तर अनेक घरांत श्रद्धेने ओढणी पांघरतात. तुळस उष्ण प्रदेशाची असल्याने तिला हे पांघरूण मानवते. तरीही एखाद्या कडक रात्री ती दगावते आणि घर सुने वाटू लागते. जाणत्या स्त्रिया थंडीपूर्वीच मंजिऱ्यांचे बी काढून ठेवतात.

घरातील कुंड्यांची गोष्ट वेगळी. मनीप्लँट हा मूळचा पॅसिफिक महासागरातील बेटांवरचा. क्रोटनही उष्ण व दमट प्रदेशांतला. त्यांना दहिवराइतकीच जयपूरची कोरडी हवा सोसत नाही. अशी झाडे दक्षिणेकडील भिंतीलगत आणावीत. जयपूर सुमारे २७ अक्षांशावर असल्यामुळे डिसेंबरअखेर भर दुपारचा सूर्यही क्षितिजापासून ४० अंशांहून वर चढत नाही. हे तिरपे ऊन दक्षिणाभिमुख पडवीत खोलवर शिरते आणि तापलेली दगडी भिंत रात्री कुंड्यांना ऊब देते. मात्र घरातील बहुतेक झाडे थंडीने नव्हे, तर मायेने मरतात. वाढ मंदावलेल्या झाडाला पाणी थोडेच लागते. रोजच्या सवयीने घातलेले पाणी साचून मुळे कुजतात. पाने पिवळी पडतात. ती तहानेने पिवळी पडली असे समजून आणखी पाणी घातले जाते. बोटाचे पेर मातीत खुपसून पाहावे आणि तेवढी माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे.

पाण्याचा प्रश्न येथे केवळ बागेचा राहत नाही. ज्या रामगढ तलावाने अनेक दशके जयपूरला पाणी पुरविले आणि जेथे १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकानयनाच्या शर्यती झाल्या, तो पुढे कोरडा पडला. शहराची तहान आता मुख्यतः बनास नदीवरील दूरच्या बिसलपूर धरणावर भागते. कूपनलिकांचे पाणी अनेक ठिकाणी खारट असते. कुंडीच्या कडेवर जमणारा पांढरा थर ही त्याचीच खूण. तो थर खरवडून टाकावा. भाज्या-डाळी धुतलेले पाणी साठवून कुंड्यांना घालण्याची रीत अशा शहरात कंजूषपणाची मानता येणार नाही.

जानेवारी सरता सरता दहिवराने करपलेल्या फांद्या डोळ्यांना खुपू लागतात आणि कात्री हाती घेण्याचा मोह होतो. तो आवरावा. मेलेली पाने खालच्या कळ्यांना आडोसा देत असतात. शिवाय छाटणीने सुटलेले कोवळे कोंब पुढच्या थंडीच्या लाटेत सापडतात. शेवंतीच्या ओसरलेल्या फुलांच्या काड्या मात्र बुडाजवळ कापून फुटवे राखावेत. पुढील वर्षाची रोपे त्यांच्यापासूनच करावयाची असतात. लिंबाची किंवा जास्वंदीची फांदी मेली की जिवंत आहे, हे नखाने साल किंचित खरवडून कळते. आत हिरवे दिसले, तर तिला हात लावू नये. फेब्रुवारीच्या अखेरीस, कडुनिंबाची पाने गळू लागतात त्या सुमारास, नवे डोळे कोठवर फुटले आहेत ते पाहावे आणि त्यांच्या वर काप घ्यावा.