सेलमध्ये वीज भरलेली नसते

टॉर्च मंद झाली की आपण म्हणतो, सेलमधली वीज संपली. पण त्यात वीज कधी भरलेलीच नव्हती. संपतं ते जस्त.

साध्या झिंक-कार्बन सेलचा जस्ताचा डबा नुसतं वेष्टन नाही, तेच त्याचं इंधन आणि तेच ऋण टोक. जस्ताचा प्रत्येक अणू विरघळताना दोन इलेक्ट्रॉन मागे सोडतो. ते बल्बमधून फिरून मधल्या कांडीपर्यंत येतात. वापरलेल्या सेलचं वरचं कवच उतरवलं तर हे उघड दिसतं: जस्तावर खड्डे पडलेले, कुठे ते कागदाइतकं पातळ, कुठे आरपार भोक. सेल पाझरतो तो बहुधा या भोकांतून. म्हणून संपलेले सेल रिमोटमध्ये तसेच ठेवू नयेत.

मधली काळी कांडी वीज तयार करते, हाही गैरसमजच. ती कार्बनची असते आणि फक्त प्रवाह वाहून नेते. इलेक्ट्रॉन स्वीकारतो तो तिच्याभोवतीचा काळा लगदा, म्हणजे मँगनीज डायऑक्साइड आणि कार्बनची पूड. आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीतून मँगनीज डायऑक्साइडचंच खनिज निघतं आणि ते सेल बनवणाऱ्यांकडे जातं.

'कोरडा' सेल आतून ओलसरच असतो. लक्लांशेने 1866 मध्ये केलेल्या सेलमध्ये काचेच्या बरणीत नवसागराचं पाणी असे. 1886 मध्ये कार्ल गास्नरने त्याची घट्ट लापशी केली, त्यामुळे सेल आडवा-उलटा कसाही ठेवता येऊ लागला. ही ओल पूर्ण सुकली तर आयन हलणार नाहीत आणि सेल बंद पडेल.

मोठ्या सेलचा व्होल्टेज जास्त नसतो. पेन्सिल सेल आणि टॉर्चचा जाडजूड सेल, दोन्ही 1.5 व्होल्टचेच, कारण व्होल्टेज ठरतो रसायनांवरून. मोठ्यात माल जास्त, म्हणून तो जास्त टिकतो. 9 व्होल्टच्या बॅटरीत असे सहा सेल जोडलेले असतात.

उन्हात ठेवलेला सेल पुन्हा चालतो, हे मात्र खरं. पण तो चार्ज झालेला नसतो. उबेने रासायनिक क्रिया वेगाने होते, शिवाय विश्रांतीत कांडीजवळ साचलेली द्रव्यं पांगतात. विरघळलेलं जस्त परत येत नाही, त्यामुळे ही उभारी थोड्याच वेळाची. असा सेल चार्जरला लावणं तर धोक्याचं, आत वायू साचून तो फुटू शकतो.

अल्कलाइन सेलची रचना वेगळी: डबा पोलादाचा आणि जस्ताची पूड आत. त्यातून पाझरतं त्याला लोक ॲसिड म्हणतात. प्रत्यक्षात ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे तीव्र अल्क. ते सुकून टोकांवर जमलेली पांढरी भुकटी उघड्या हाताने पुसू नये. हातमोजे घालून, व्हिनेगरच्या एक-दोन थेंबांत भिजवलेल्या कापसाने पुसावी आणि जागा नीट वाळल्यावरच नवे सेल घालावेत.