मनगटांतील कोंडी

रात्रीं दोन-अडीचच्या सुमारास हाताला मुंग्या येऊन जाग येते. हात झटकून खाटेखालीं सोडला म्हणजे पुन्हां डोळा लागतो. दिवसां सुईंत दोरा ओवतां येत नाहीं, कपबशी निसटते. कोणी वात म्हणून तेल चोळतें, कोणी मानेला दोष देतें, आणि वर्षें निघून जातात. अखेर 'कार्पल टनेल' हें नांव कळतें, तें शस्त्रक्रियेचा शब्द बरोबर घेऊनच! नांव कळल्याचें समाधान त्या धास्तींत विरून जातें.

मनगटांत, तळव्याच्या बाजूस, हाडांची उथळ कमान असून तिच्यावर एक चिवट आडवा बंध ताणलेला असतो. या बोगद्यांतून बोटें मिटविणाऱ्या नऊ कंडरा जातात, आणि त्यांच्यासोबत एक मज्जातंतु. कंडरांचें आवरण सुजलें कीं जागा तेवढीच, दाटी अधिक. तींत मऊ तंतूच चेपला जातो. अंगठा, तर्जनी, मध्यमा व अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते. करंगळी मात्र शाबूत राहते, कारण तिचा तंतु या बोगद्यांतून जातच नाहीं. रोग्यानें एवढी खूण नीट सांगितली तरी निदान पुष्कळ सोपें होतें.

वैद्यांनाहि ती उशिरांच पटली. पिएर मारी व शार्ल फ्वा या फ्रेंच वैद्यांनीं १९१३ मध्यें शवविच्छेदनांत बंधापाशीं चेपलेला तंतु दाखविला आणि वेळींच बंध कापण्याचा उपाय सुचविला. तरी पुढें कित्येक वर्षें मानेजवळच्या जादा बरगडीवर ठपका ठेवून भलत्याच जागीं शस्त्र चालविलें जाई. १९५० पासून अमेरिकेंतील जॉर्ज फेलेन यांच्या लेखनानें ही व्याधि सर्वत्र ओळखीची झाली.

शस्त्रक्रियेंत हात बधिर करून तो बंध कापतात, एवढेंच. तंतु मोकळा होतो. दुरुस्त त्याचा त्यालाच व्हावें लागतें. म्हणून रात्रीच्या मुंग्या बहुधा लवकर थांबतात, बधिरपणा ओसरण्यास महिने लागतात, आणि अंगठ्याच्या बुडाचा झिजलेला मांसल भाग कित्येकदां पुन्हां भरतच नाहीं. मुंग्या येऊन-जाऊन असतील तर रात्रीं मनगट सरळ ठेवणारी पट्टी किंवा स्टिरॉइडचें इंजेक्शन आधीं करून पाहणें रास्त होय. गरोदरपणांतील त्रास तर बहुधा बाळंतपणानंतर आपोआप निवळतो. पण बधिरपणा अष्टौप्रहर टिकूं लागला, अंगठ्याचें बूड सपाट दिसूं लागलें, म्हणजे शस्त्रक्रियेपेक्षां विलंबाचेंच भय अधिक. तंतूला इजा किंवा जखमेंत पू होणें क्वचित् घडतें. मुठीचा दुबळेपणा मात्र कांहीं आठवडे, कोणाला कांहीं महिनेहि पुरतो, आणि तोंवर धुण्याचे पिळे घरांतल्या दुसऱ्या कोणीतरी घालावे लागतात.