परदेशी जाताना काय न्यावे, काय ठेवावे?

श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी बेलापूर हे गाव आहे. तेथील माझ्या मावशीच्या घराला चार महिन्यांपूर्वी कुलूप लागले. मावशीचे वय 71. काकांना जाऊन चार वर्षे झाली, एकुलता एक मुलगा अमेरिकेत न्यू जर्सीला स्थायिक झालेला. तेव्हा तिने आता कायमचे त्याच्याकडेच राहावे, असे सर्वांच्या संमतीने ठरले. कागदपत्रे पूर्ण झाली, तिकीट आले आणि तिकिटाबरोबर एक आकडाही आला : प्रत्येकी 23 किलोच्या दोन पेट्या. बावन्न वर्षांचा संसार आणि 46 किलो वजन!

मुलाने फोनवर प्रेमाने सांगितले, "आई, तू काही आणू नकोस. इथे सगळे मिळते. तिथले सामान सरळ भंगारवाल्याला देऊन टाक." त्याच्या बोलण्यात खोटे काहीच नव्हते. न्यू जर्सीत पोळपाट मिळतो, बाजरीचे पीठही मिळते. पण त्या दिवसापासून मावशीची झोप उडाली. पहाटे तीनला उठून ती माळ्यावरून काढलेल्या डब्यांची झाकणे उघडून पाहत बसे. जेवण कमी झाले. एरवी 130 च्या आसपास राहणारा वरचा रक्तदाब 160 च्या पुढे गेला. तिला नेहमी तपासणाऱ्या डॉक्टरांनी औषध बदलण्यापूर्वी विचारले, "घरात सध्या काय चालले आहे?" मावशी म्हणाली, "घर मोडणे चालले आहे."

डॉक्टरांनी गोळीची मात्रा बदलली आणि मला बाजूला घेऊन सांगितले, "सामान तुम्ही आवरू नका. त्यांना आवरू द्या. तुम्ही फक्त जवळ बसा." या लेखाचे सार त्या एका सूचनेत आले आहे. काय ठेवून जायचे, हा निर्णय वजनकाट्याचा नाही आणि किमतीचाही नाही. तो जाणाऱ्याच्या शरीराचा व मनाचा प्रश्न आहे, आणि म्हणून तो जाणाऱ्यानेच घ्यावयाचा असतो.

वस्तूत माणूस असतो

जुन्या वस्तूचा लोभ सुटत नाही, याला आपण वार्धक्याचा हट्ट म्हणतो. ते बरोबर नाही. 1990 साली डॅनियल काह्नेमन, जॅक नेच व रिचर्ड थेलर या संशोधकांनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यापीठातील काही विद्यार्थ्यांना त्यांनी साधे कॉफीचे पेले दिले. थोड्याच वेळात त्या विद्यार्थ्यांना तो पेला विकण्यासाठी जी किंमत हवीशी वाटली, ती पेला न मिळालेले विद्यार्थी देऊ करत असलेल्या किमतीच्या सुमारे दुप्पट होती. काही मिनिटांपूर्वी हाती आलेल्या पेल्याची ही गोष्ट. मग सासूच्या हातून आपल्या हाती आलेल्या अडकित्त्याचे मोल किती व्हावे?

रसेल बेल्क या अभ्यासकाने 1988 मध्ये मांडले की माणसाच्या वस्तू या त्याच्या ‘स्व’चाच विस्तार असतात. पुढे 1991 साली राज मेहता यांच्यासह त्यांनी भारतातील आणि भारतातून अमेरिकेत गेलेल्या लोकांच्या आवडत्या वस्तूंचा अभ्यास केला. देश सुटल्यावर माणसाला आपली ओळख सांभाळावी लागते, आणि त्या कामी मायदेशातून आणलेल्या वस्तू त्याच्या उपयोगी पडतात, हा त्या अभ्यासाचा विषय होता. तेव्हा वृद्ध आईचे कपाट तिच्या पाठीमागे रिकामे करणे, ही वेळेची बचत दिसली तरी तिच्या प्रकृतीला महाग पडू शकते.

आम्ही मग पद्धत बदलली. सोप्यात तीन सतरंज्या अंथरल्या : नेणे, देणे आणि राहू देणे. रोज सकाळी चहानंतर दोन तास, एका वेळी एकच कपाट. दुपारी काम बंद, कारण थकलेल्या मनाने केलेल्या निवडीचा रात्री पश्चात्ताप होतो. काकांचे कपडे आणि चष्मा यांना शेवटच्या आठवड्यापर्यंत हात लावला नाही. सोपे आधी, अवघड मागाहून. दहा दिवसांत मावशी रात्री सलग झोपू लागली.

स्वयंपाकघरातून काय ठेवावे

येथे भावनेइतकाच आरोग्याचा विचार करावा लागतो. मावशीचे सर्वांत लाडके पातेले हिंडालियमचे होते. आमटी त्यातच चांगली होते, असा तिचा ठाम विश्वास. परंतु अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2025 साली हिंडालियमच्या काही भांड्यांतून शिसे अन्नात उतरू शकते, असा इशारा दिला आहे. शिसे शरीरात थोडेथोडे साठत जाते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला ते विशेष घातक असते. मावशीच्या त्या घरी तीन वर्षांची नात आहे, एवढे सांगताच पातेले तिनेच उचलून बाजूला ठेवले. ते कोणाला दिलेही नाही, कारण जे आपल्या नातीला नको ते दुसऱ्याच्या नातीला कसे द्यावे? पितळेची भांडी न्यायची झाल्यास कल्हई शाबूत आहे का ते पाहावे. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक, चिंच, आमसूल असे आंबट पदार्थ ठेवू नयेत.

विजेची उपकरणे ठेवूनच जावीत. आपल्याकडील वीज 230 व्होल्टची, अमेरिकेतील 120 व्होल्टची. आपला मिक्सर तेथे नीट चालत नाही.

खाद्यपदार्थांचे नियम देशागणिक वेगळे आहेत. ताजा कढीपत्ता अमेरिकेत नेता येत नाही. त्यावर वाढणारी एक बारीक कीड लिंबूवर्गीय झाडांत रोग पसरवते. श्रीरामपूर भागातील मोसंबीच्या बागाईतदाराला हे कारण समजावून सांगावे लागणार नाही. अनारशांवरची खसखस ही आपल्याला निरुपद्रवी वाटते, पण संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया व सिंगापूर येथे ती निषिद्ध आहे आणि तिच्यापायी प्रवासी अडचणीत येऊ शकतो. ऑस्ट्रेलियात बियाणे, माती, रोपे यांविषयी फार कडक तपासणी होते, म्हणून अंगणातल्या तुळशीचे रोप वा मंजिऱ्या बरोबर घेऊ नयेत. बरोबर असलेला प्रत्येक खाद्यपदार्थ विमानतळावरील अर्जात प्रामाणिकपणे लिहावा.

औषधांची पिशवी

"औषधे तिथेही मिळतात," हे वाक्य अर्धेच खरे आहे. मिळतात, परंतु तेथील डॉक्टरांची चिठ्ठी असल्याविना बहुतेक औषधे मिळत नाहीत, आणि नव्या डॉक्टरांची वेळ मिळण्यास कित्येक आठवडे लागू शकतात. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी साधारणतः 90 दिवस पुरतील इतकी औषधे नेण्यास हरकत घेतली जात नाही. ती मूळ वेष्टनात असावीत, सोबत औषधाचे मूळ रासायनिक नाव लिहिलेली इंग्रजी चिठ्ठी असावी, आणि सर्व पिशवी हातातील सामानात असावी. पेटी चुकली तरी गोळी चुकता कामा नये. आखाती देशांत जाणाऱ्यांनी वेदनाशामक, झोपेच्या व खोकल्याच्या औषधांची आगाऊ चौकशी करावी. आपल्याकडे सहज लिहून दिले जाणारे ट्रॅमाडॉल किंवा कोडीन तेथे पूर्वपरवानगीविना नेणे हा गुन्हा ठरू शकतो.

भस्मे व रसौषधी यांच्या बाबतीत विशेष जपावे. 2004 साली अमेरिकेतील बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. नाव-पत्ता नसलेल्या पुड्या तर ठेवूनच जाव्यात.

कागद मात्र एकही मागे ठेवू नये. जुने हृदयालेख, शस्त्रक्रियेचे सारांश, ॲलर्जीची नोंद, चष्म्याचा नंबर, मुलांचे लसीकरण-पत्रक हे सारे न्यावे. बीसीजी लस घेतलेल्या माणसाची क्षयरोगाची त्वचाचाचणी त्या लसीमुळेही सकारात्मक येऊ शकते. लशीची नोंद हाताशी असल्यास उगाच घबराट होत नाही आणि रक्ताच्या चाचणीने शंका फिटते. दातांची कामे निघण्यापूर्वीच उरकावीत. तेथे ती फार महाग आहेत.

आणखी एक न दिसणारी वस्तू म्हणजे आरोग्यविमा. अमेरिकेत कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळाला तरी 65 वर्षांवरील नवागताला तेथील सरकारी ‘मेडिकेअर’मध्ये पैसे भरून सहभागी होण्यासाठी सलग पाच वर्षे वास्तव्य लागते. तोवर खासगी विम्याची सोय करावी लागते. इकडची पॉलिसी "आता कशाला हवी" म्हणून बंद करू नये. परत यावे लागल्यास नव्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. विमा कंपनीला वास्तव्य बदलल्याचे कळवून मगच निर्णय घ्यावा.

आनंदीबाईंची साडी

वस्तूंबरोबर सवयींचाही प्रश्न येतो. 1883 साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून निघून अमेरिकेला पोचल्या, तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा होते. परदेशी पोशाख करावयाचा नाही आणि शाकाहार सोडावयाचा नाही, असा त्यांचा निर्धार होता. परंतु नऊवारी साडीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि फिलाडेल्फियाची थंडी तशी सोसवत नाही, हे ध्यानी येताच त्यांनी साडी गुजराती पद्धतीने नेसावयास सुरुवात केली. साडी राहिली, नेसण्याची रीत बदलली. 11 मार्च 1886 रोजी त्या डॉक्टर झाल्या. पुढे क्षयाने त्यांना गाठले आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या हानीचे दुःख आजही वाटते, तरी साडीचा त्यांचा निर्णय आजच्या प्रवाशालाही वाट दाखवतो : जे आपण आहोत ते न्यावे, आणि जे शरीराला सोसत नाही ते ठेवावे.

मावशीपुढे हाच पेच अडकित्त्याच्या रूपाने आला. पितळी, मोराच्या आकाराचा, सासूबाईंनी दिलेला. जेवणानंतर सुपारी ही तिची चाळीस वर्षांची सवय. सुपारी कर्करोगास कारण ठरते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दिलेला आहे. पुष्कळ विचार करून तिने अडकित्ता मोठ्या पेटीत ठेवला आणि सुपारीचा डबा मागे ठेवला. डब्याची जागा भाजलेल्या बडीशेपेने घेतली.

मागे राहणाऱ्यांची सोय

याच तालुक्यात, याच प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. तेथे 1974 साली चार प्राचीन धातुशिल्पे सापडली : बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही मिळून वजन 60 किलोंहून अधिक. जगभरचे अभ्यासक त्यांचे कौतुक करतात, पण ती कोणी घडवली आणि का मागे ठेवली, हे सांगणारी एक ओळही त्यांच्याबरोबर नाही. आपल्या घरातील वस्तूंची तशी गत होऊ देऊ नये. मावशीने पाण्याचा तांब्याचा बंब शेजारच्या सुनेला दिला, तेव्हा तो कोणत्या दिवाळीत घेतला तेही सांगितले. काकांची पुस्तके शाळेला दिली. पाटा-वरवंटा अंगणातच ठेवला. नेता न येणाऱ्या वस्तूंची छायाचित्रे काढून प्रत्येकीखाली मी तिच्या शब्दांत दोन-दोन ओळी लिहून घेतल्या. ती वही सव्वाशे ग्रॅमची झाली.

एक चूक आमच्याकडून झालीच. सासूबाईंच्या लुगड्यांची गोधडी तिने ‘देणे’च्या सतरंजीवर ठेवली. "मुलाच्या घरी सगळे उबदार असते," असे ती म्हणाली. नशिबाने ती कोणाला देण्याआधी मी माझ्या घरी आणली. परवा फोनवर मावशी म्हणाली, "घर उबदार आहे गं, पण झोपताना अंगावर काही नसल्यासारखे वाटते." रक्तदाब आता आटोक्यात आहे, सुपारीही सुटली आहे, पण गोधडी हवी आहे. म्हणून वाचकांना सुचवावेसे वाटते की ज्या वस्तूंविषयी मन द्विधा आहे, त्या निदान सहा महिने तरी कोणा आप्ताकडे ठेवाव्यात, लगेच कायमच्या देऊन टाकू नयेत. माणसाला नेमके काय हवे होते, ते पुष्कळदा तेथे पोचल्यावरच कळते.

डिसेंबरमध्ये माझा भाचा तिकडे जाणार आहे. त्याच्या पेटीतील अडीच किलो जागा मी आताच राखून ठेवली आहे.