शटरची स्प्रिंग : तिचें बळ आणि तिचा धोका

नांदेड व लातूर यांना जोडणाऱ्या रस्त्यावर अहमदपूर हें तालुक्याचें गांव आहे. सोयाबीनच्या मोसमांत येथील बाजार समितीकडे मालाच्या गाड्या लागतात आणि पेठेंतील दुकानें एकामागून एक उघडूं लागतात. पूर्वीं मराठवाड्यांतील पेठांत दुकानदार दाराच्या लांकडी फळ्या एकेक करून काढी व भिंतीशीं रचून ठेवी. आतां त्या फळ्यांची जागा पोलादी शटरनें घेतली आहे. किरकोळ अंगाचा एखादा नोकर वांकतो, खालच्या कडीला हात घालतो आणि सुमारें दोन मण वजनाचें दार एका झटक्यासरशीं डोक्यावर चढवितो. हें बळ त्या नोकराचें नव्हे. तें कोठून येतें, तें जपावें कसें आणि त्याला हात कोणीं लावूं नये, एवढें समजून घेणें हा या भाषणाचा विषय आहे. मोटार ठेवण्याच्या जागेला असेंच शटर आतां पुष्कळ घरांत असतें. तेव्हां हा प्रश्न केवळ दुकानदारांचा राहिलेला नाहीं.

शटरचे मुख्य भाग चार. एकमेकींत अडकविलेल्या पन्हळी पट्ट्या, म्हणजे प्रत्यक्ष दार. दोन्ही बाजूंस भिंतीला बसविलेले उभे गाळे, ज्यांना कारागीर गाईड म्हणतात. चौकटीच्या वर आडवा बसविलेला पाईप. आणि त्या पाईपावरील डब्यांतील स्प्रिंगा. हा पाईप स्वतः फिरत नाहीं. त्याचीं दोन्ही टोकें भिंतींतील ब्रॅकेटांत नटबोल्टांनीं घट्ट आवळलेलीं असतात. फिरतात ते त्याच्यावरील डबे, आणि दाराची वरची कडा या डब्यांनाच जोडलेली असते. स्प्रिंगेचें एक टोक पाईपाला व दुसरें डब्याला बांधलेलें असतें. दार खालीं ओढलें कीं डबे फिरतात, आणि जुन्या घड्याळाला किल्ली द्यावी तशी स्प्रिंग पिळली जाते.

रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें १६७८ सालीं प्रसिद्ध केलेला नियम असा कीं, स्प्रिंग तिच्या मर्यादेंत जितकी ताणावी, तितक्याच प्रमाणांत तिचा उलट जोर वाढतो. शटर जसजसें खालीं येतें, तसतसें त्याच्या लोंबत्या भागाचें वजन वाढत जातें. एकीकडे वजन वाढतें, दुसरीकडे स्प्रिंगेचा जोर वाढतो, आणि दोहोंचा तोल जवळजवळ सारखा राहतो. माणसाच्या वांट्याला येतें तें केवळ घर्षणावर मात करण्यापुरतें काम. नीट बसविलेलें शटर अर्ध्यावर सोडलें असतां तेथेंच थांबतें, त्याचें कारण हेंच.

परंतु जें वजन हाताला लागत नाहीं, तें नाहींसें झालेलें नसतें. आठ फूट रुंद व आठ फूट उंच शटर हिशेबासाठीं ७० किलोंचें धरावें. दार पूर्ण उचलतांना त्याची खालची कडा आठ फूट चढते, वरची जवळजवळ मुळींच चढत नाहीं. सरासरी चार फूट झाली. म्हणजे ७० किलो वजन चार फूट उचलण्यास लागणारी शक्ति, सुमारें ८४० ज्यूल, बंद शटरच्या स्प्रिंगांत सांठलेली असते. धान्याचें तेवढ्या वजनाचें पोतें छातीइतक्या उंचीवरून अंगावर यावें, असा तो आघात होय. रात्रीं पेठ सामसूम होते व कुलुपें लागतात, तेव्हांच प्रत्येक दारावरील स्प्रिंग सर्वांत अधिक पिळलेली असते. दार वर गेल्यावरही ती पूर्ण सैल होत नाहीं. तें वर टिकून राहावें म्हणून कारागिरानें आरंभीं दिलेले पीळ तिच्यांत उरतातच.

शिवाय पोलादालाही थकवा येतो. गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत आगगाडीचे आंस अकस्मात् मोडूं लागले, तेव्हां ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्यानें दीर्घकाळ प्रयोग करून दाखवून दिलें कीं, एका वेळीं सहज पेलणारा भार पुन्हां पुन्हां पडत राहिला तर तोच पोलाद मोडतो. अमेरिकेंत मोटारखान्याच्या दारांच्या साधारण स्प्रिंगा सुमारें १०,००० फेऱ्यांच्या हिशेबानें बनवितात. हेंच माप धरलें आणि दुपारच्या सुट्टीसह दुकान रोज दोनदां उघडलें व मिटलें, तर तें आयुष्य ५,००० दिवसांचें, म्हणजे तेरा-चौदा वर्षांचें होतें. गंज व धूळ तें आणखी कमी करतात.

स्प्रिंग थकत आली कीं दार ती वार्ता आधीं कळवितें. रोजच्यापेक्षां तें जड लागतें. अर्ध्यावर सोडलें तर न थांबतां खालीं येतें. एका बाजूला झुकून गाईडमध्यें अडतें. किंवा वरून अचानक मोठा आवाज होतो आणि मग दार हलेनासें होतें. अशा वेळीं दार वर असेल तर त्याच्याखालून येणें-जाणें ताबडतोब बंद करावें. खालीं असेल तर चार माणसें लावून तें उचलूं नये.

खरा अपघात बहुधा यानंतर घडतो. मजुरी वांचविण्यासाठीं घरचाच कोणी स्टुलावर चढतो आणि पान्यानें ब्रॅकेटचे नट सोडूं लागतो. नट ढिले होतांच, इतका वेळ आवळून धरलेला पाईप गरकन् फिरतो. पाना त्याच्यावर अडकलेला असेल तर त्याचा दांडा मनगटावर किंवा तोंडावर बसतो. बोटें ब्रॅकेटांत सांपडतात. मागोमाग दार कोसळतें. यांत त्या माणसाच्या अंगीं धैर्य कमी असतें असें नव्हे. पाईपाच्या पोटांत काय कोंडलें आहे, हें त्याला ठाऊक नसतें.

जाणता कारागीर हेंच काम निराळ्या रीतीनें करतो. तो एकट्यानें येत नाहीं. दार स्वतः वर जात नसेल तर पुरेशा माणसांनीं आधार देऊन तें पूर्ण वर नेतो, म्हणजे पीळ कमींत कमी उरतो. मग दाराची गुंडाळी दोरानें पक्की बांधतो आणि खालीं आधार देतो. दोघांनीं दोन लांब पाईप-पाने पाईपावर धरल्याखेरीज एकही नट सैल करीत नाहीं. एका पान्यानें पाईप धरून ठेवावा, दुसऱ्यानें थोडा उलट सोडावा, पुन्हां पहिल्यानें धरावा, याप्रमाणें पीळ हळूहळू उतरवितो, व किती फेरे उतरले तें मोजतो. नव्या स्प्रिंगेला पीळ देतांना हीच मोजणी उपयोगीं पडते. एक स्प्रिंग तुटली तरी तो साऱ्या बदलावयास सांगतो. यांत लोभ नाहीं. सर्वांनीं फेऱ्या सारख्याच केलेल्या असतात, आणि नव्या-जुन्यांचा जोर सारखा नसल्यानें दार तिरपें चालतें. शेवटीं तो दार अर्ध्यावर सोडून तोल दाखवितो. हा तोल पाहिल्यावांचून मालकानें मजुरी चुकती करूं नये.

गृहस्थानें स्वतः करण्याजोगीं कामेंही आहेत. गाईड स्वच्छ ठेवावेत, त्यांना माफक ग्रीस द्यावें, पावसाळ्यापूर्वीं गंज पाहावा आणि महिन्यांतून एकदां तोलाची परीक्षा करावी. नवें शटर घेतांना भारतीय मानक आय. एस. ६२४८ प्रमाणें तें आहे कीं नाहीं, हें विचारावें. मोटारीवर चालणाऱ्या शटरखालीं मुलांना खेळूं देऊं नये. अशा मोटारीवरील दारांखालीं मुलें चिरडून दगावल्यानंतर अमेरिकेंत १९९३ पासून, वाटेंत अडथळा येतांच दार उलट फिरलेंच पाहिजे, असा घरगुती मोटारखान्यांकरितां नियम झाला. अशी सोय आपल्या दाराला आहे कीं नाहीं, तें बसविणाऱ्याकडून करून पाहावें.

कारागिराची मजुरी ही दोन नट आवळण्याची नसते. कोंडलेलें बळ कोणालाही न दुखवितां बाहेर काढण्याची व पुन्हां कोंडण्याची ती मजुरी असते. ती देतांना ज्याला महाग वाटेल, त्यानें आपल्या नोकराच्या मनगटाची किंमत एकदां मनांतल्या मनांत करून पाहावी.